मोजपट्टी ठेवा, यादी बदला: निवडक मॅग्नेट शाळांच्या प्रवेशाचा वाद

प्रश्न: आम्ही अमेरिकेत राहतो. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत) एक निवडक मॅग्नेट हायस्कूल आहे. तिथली प्रवेश परीक्षा रद्द करून वेगळी पद्धत आणायचा बोर्डाचा विचार चालू आहे. काही पालक म्हणतात गुणवत्तेचा बळी जातोय, काही म्हणतात परीक्षाच अन्यायाची आहे. यात तथ्य कुणाच्या म्हणण्यात आहे? आणि आपल्याकडच्या नवोदय विद्यालयांसारखं काही इथे का करत नाहीत?

उत्तर:

तुमच्या शेवटच्या प्रश्नातच अर्धं उत्तर दडलंय, पण तिथे जायच्या आधी एक गल्लत दूर करू. मॅग्नेट शाळा आणि परीक्षा घेऊन मुलं निवडणारी शाळा या मुळात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५४च्या ब्राउन खटल्यानंतर शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरला, तरी वस्त्या वेगळ्या होत्या, म्हणून शाळाही वेगळ्याच राहिल्या. मग कोर्टांनी मुलांना बसमध्ये बसवून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत पाठवायचे आदेश दिले. बऱ्याच गोऱ्या पालकांनी त्याला कडाडून विरोध केला, बऱ्याच जणांनी गुपचूप उपनगरात घर घेतलं. १९७४मध्ये डेट्रॉइटच्या मिलिकन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय त्यांना शहराच्या योजनेत ओढता येणार नाही. सक्तीचा रस्ता तिथे जवळपास बंद झाला.

मॅग्नेट ही त्यावरची तोड. कृष्णवर्णीय वस्तीतल्या शाळेत काही तरी इतकं चांगलं सुरू करायचं की इतर वस्त्यांतली मुलं आपण होऊन तिकडे ओढली जातील. लोहचुंबकाचं नाव त्यावरूनच आलं. १९६८मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहरात मॅकार्व्हर प्राथमिक शाळेत हे सुरू झालं, पुढच्या वर्षी बॉस्टनमध्ये. आजही देशातल्या बहुतेक मॅग्नेट शाळा सोडत काढूनच प्रवेश देतात. परीक्षेच्या शाळांचं घराणं वेगळं आणि जुनं: बॉस्टन लॅटिन १६३५ची, न्यूयॉर्कची स्टायव्हेसंट १९०४ची. पुढे दोन्ही कल्पना एकमेकींत मिसळल्या आणि 'निवडक मॅग्नेट' तयार झाली. सगळ्यांना एकत्र आणायला काढलेल्या शाळेच्या दारात गाळणी बसली. आज जे भांडण चाललंय ते या जोडकामाचं आहे.

आता मुद्द्यावर. प्रवेशाच्या कुठल्याही नियमात दोन सुटे भाग असतात. एक मोजपट्टी: परीक्षा, वर्गातले ग्रेड, निबंध, काय ते. दुसरी यादी: त्या मापाने कुणाला कुणाशेजारी उभं करायचं. महाराष्ट्रातल्या पालकांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. वैद्यकीय प्रवेशाचा ७०:३० प्रादेशिक कोटा २०२०मध्ये रद्द होईपर्यंत परीक्षा एकच होती, पण मराठवाड्याची यादी वेगळी, विदर्भाची वेगळी, उर्वरित महाराष्ट्राची वेगळी. अमेरिकेतल्या वादात मात्र हे दोन भाग कुणी सुटे करत नाही. एक गट यादी वाचवायला मोजपट्टीच्या पाया पडतो, दुसरा गट यादी बदलायची म्हणून मोजपट्टीच मोडतो. माझं मत स्पष्ट सांगतो: मोजपट्टी ठेवावी, यादी बदलावी. आता शहरागणिक काय झालं ते पाहू, म्हणजे हे मत कशावर उभं आहे ते कळेल.

न्यूयॉर्क: एक परीक्षा, एकच यादी

स्टायव्हेसंट, ब्राँक्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक या तीन शाळांचे प्रवेश फक्त एका परीक्षेवर व्हावेत असा राज्याचा कायदाच आहे, १९७१चा हेक्ट-कलँड्रा कायदा. आता अशा आठ शाळा आहेत. परीक्षेचं बऱ्याच वर्षांचं स्वरूप असं: तीन तास, ११४ प्रश्न, ५७ इंग्रजीचे आणि ५७ गणिताचे. मूल आठही शाळा आपल्या पसंतीने क्रमाने लिहू शकतं. मग सगळ्या शहराचे गुण उतरत्या क्रमाने लावतात. पहिल्या मुलाला त्याची पहिली पसंती, दुसऱ्याला उरलेल्यातली वरची पसंती, असं करत जागा संपेपर्यंत खाली यायचं. मुलाखत नाही, शिफारसपत्र नाही, वशिला नाही. यंत्र म्हणून हे अगदी स्वच्छ आहे, आणि त्याचे समर्थक याच स्वच्छतेवर बोट ठेवतात.

आता निकाल. २०१९मध्ये सुमारे २७ हजार मुलांनी परीक्षा दिली, आठ शाळांत मिळून ४,८००च्या आसपास प्रवेश निघाले. स्टायव्हेसंटच्या ८९५ जागांपैकी कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला ७ आल्या. शहराच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं मिळून साधारण दोन तृतीयांश आहेत. या आठ शाळांच्या प्रवेशांत त्यांचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास राहतो.

यावर 'श्रीमंतांची परीक्षा' असा शिक्का मारला जातो. तो पुरता बसत नाही. स्टायव्हेसंटमधली चाळीस टक्क्यांहून जास्त मुलं सरकारी व्याख्येने आर्थिकदृष्ट्या दुर्बळ घरातली आहेत. क्वीन्स आणि ब्रुकलिनमधल्या स्थलांतरित चिनी, बांगलादेशी, भारतीय घरांतली ही मुलं. टॅक्सी चालवणारा किंवा हॉटेलात राबणारा बाप घरखर्चाला कात्री लावून पोराला शनिवारच्या क्लासला घालतो. हे दृश्य लातूरला पोरं ठेवणाऱ्या आपल्या पालकांना अजिबात परकं वाटू नये. त्यामुळे 'गरिबांना प्राधान्य' असा नियम केला की वांशिक चित्र आपोआप बदलेल, हे गृहीत न्यूयॉर्कमध्ये चुकतं.

ते चुकल्याचा पुरावा शहराने स्वतःच दिला. 'डिस्कव्हरी' नावाचा एक मार्ग कायद्यातच आहे: कटऑफच्या थोडं खाली राहिलेल्या गरीब मुलांनी उन्हाळी वर्ग पूर्ण केला की प्रवेश. २०१८मध्ये महापौर डी ब्लासिओंनी हा मार्ग २० टक्के जागांपर्यंत वाढवायचं ठरवलं आणि तो फक्त अतिगरीब शाळांतल्या, म्हणजे जिथे गरीब मुलांचं प्रमाण फार आहे अशा शाळांतल्या मुलांपुरता ठेवला, कारण सरसकट गरिबीचा निकष लावला तर जागा पुन्हा त्याच गटांकडे जात होत्या. गरीब पण कमी गरीब शाळेतली आशियाई मुलं यातून बाहेर पडली आणि पालक कोर्टात गेले. २०२४मध्ये अपील कोर्टाने तो खटला पुन्हा उभा केला. परीक्षाच रद्द करून प्रत्येक मिडल स्कूलमधली (हायस्कूलच्या आधीच्या, आठवीपर्यंतच्या शाळेतली) वरची ७ टक्के मुलं घ्यायची डी ब्लासिओंची दुसरी योजना राज्याच्या विधिमंडळात अडकली ती अडकलीच.

एकाच परीक्षेच्या यादीत दोन तांत्रिक दोष आहेत. ते कुठल्याही वंशाच्या मुलाला लागू होतात, त्यामुळे भांडणात त्यांचा आवाज कमी ऐकू येतो. पहिला, कटऑफची खोटी अचूकता. तीच मुलं दोन आठवड्यांनी तशाच दुसऱ्या पेपरला बसवली तर वरची मुलं वरच राहतील, पण कटऑफच्या आसपासची बरीच नावं इकडची तिकडे होतील. एका गुणाने हुकलेला मुलगा आणि एका गुणाने आत गेलेली मुलगी यांच्यात शैक्षणिक फरक शून्य असतो. दुसरा, एका दिवसाचं माप आणि तीन वर्षांच्या अभ्यासाचं माप वेगवेगळं निघतं. न्यूयॉर्कच्या परीक्षेला मुली जास्त बसतात आणि आत कमी जातात, तर वर्गातल्या ग्रेडमध्ये मुली पुढे असतात. म्हणून परीक्षा आणि ग्रेड दोन्ही मिळून मोजणं हे दोहोंपैकी कुठल्याही एकावर विसंबण्यापेक्षा बरं.

सगळ्यात मोठी गळती मात्र परीक्षेच्या आधी होते: परीक्षेला बसतं कोण? नाव नोंदवायला लागतं, आणि नोंदवायचं असतं हे माहीत असायला लागतं. फ्लोरिडातल्या एका मोठ्या डिस्ट्रिक्टचं उदाहरण यासाठी फार मोलाचं आहे. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांनी ते अभ्यासलं. तिथे हुशार मुलांच्या विशेष वर्गासाठी आधी शिक्षक किंवा पालक नावं सुचवत. मग डिस्ट्रिक्टने दुसरीतल्या सगळ्याच मुलांची एक छोटी चाचणी शाळेतच घ्यायला सुरुवात केली. निवडीचे निकष बदलले नाहीत, तरी कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि गरीब मुलांची संख्या चांगलीच वाढली. ही मुलं आधीपासून पात्र होती, त्यांचं नाव कुणी घेत नव्हतं एवढंच. पुढे पैशांची चणचण आली, सरसकट चाचणी बंद झाली आणि आकडे पुन्हा खाली गेले. 'परीक्षा अन्याय करते' असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे एवढं एक उदाहरण तरी नीट वाचावं. सगळ्यांची घेतलेली परीक्षा बऱ्याचदा शिक्षकाच्या नजरेपेक्षा न्यायी निघते.

फेअरफॅक्स: यादी बदलली, पण मोजपट्टीही फेकली

तुमच्या बोर्डाच्या डोक्यात बहुधा व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीतली थॉमस जेफरसन हायस्कूल असेल, सगळे तिला टीजे म्हणतात. १९८५मध्ये सुरू झालेली ही विज्ञान-तंत्रज्ञानाची शाळा. त्या भागातली असंख्य भारतीय घरं, त्यात मराठीही, तिच्याभोवती आपली घरखरेदी आखतात. जुनी पद्धत अशी होती: अर्जाची फी १०० डॉलर, गणित, वाचन आणि विज्ञानाच्या परीक्षा, त्यातून उपांत्य यादी, मग शिफारसपत्रं आणि निबंध. २०२०मध्ये जाहीर झालेल्या तुकडीत कृष्णवर्णीय मुलांची संख्या इतकी कमी होती की खासगीपणाच्या नियमामुळे आकडाच छापला नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बळ घरातली मुलं १ टक्क्याहूनही कमी. आशियाई मुलं ७३ टक्के.

त्या वर्षअखेर बोर्डाने फी काढली आणि परीक्षाही काढली. जागा वाढवून ५५० केल्या. प्रत्येक सरकारी मिडल स्कूलला तिच्या आठवीच्या पटसंख्येच्या १.५ टक्के जागा राखल्या, उरलेल्या जागा सगळ्यांसाठी खुल्या. पात्रतेसाठी ३.५ जीपीए (ग्रेडची सरासरी) आणि किमान अल्जिब्रा १ (बीजगणिताचा पहिला कोर्स). निवड ग्रेड, दोन लेखी कामं आणि 'अनुभवाचे घटक' यांवर: मोफत जेवणाची पात्रता, इंग्रजी शिकणारं मूल, विशेष गरजा, टीजेला फार मुलं न पाठवणारी शाळा. पहिल्याच तुकडीत आशियाई ५४ टक्के, कृष्णवर्णीय ७, लॅटिनो ११ आणि दुर्बळ घरातली मुलं २५ टक्के झाली.

नवी पद्धत आशियाई मुलांवर अन्याय करते म्हणून पालकांनी केलेला खटला २०२२मध्ये जिल्हा न्यायालयात जिंकला गेला. मे २०२३मध्ये अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी तो निकाल फिरवला आणि फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. न्यायमूर्ती अलिटो आणि थॉमस यांनी असहमती नोंदवली. २०२५मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने चौकशी उघडली. म्हणजे या पद्धतीला कोर्टाने हिरवा कंदील दिला असं समजून तुमच्या बोर्डाने निवांत राहू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २००७च्या सिएटल निकालानंतर एखाद्या मुलाचा वंश बघून त्याला शाळा देता येत नाही हे तर पक्कंच आहे. म्हणून आता सगळे नियम पत्ता, शाळा आणि उत्पन्न यांच्या भाषेत लिहिले जातात.

शाळागणिक १.५ टक्के हा भाग मला पूर्ण पटतो. ज्या शाळेतून वर्षानुवर्षं एकही मूल टीजेला जात नव्हतं तिथल्या पहिल्या चार-सहा मुलांना दार उघडलं. पण परीक्षा काढल्यावर राहिलं काय? ३.५च्या वर जीपीए असलेली शेकडो मुलं, बहुतेकांचे ग्रेड जवळजवळ सारखे. मग निवडीचा खरा भार पडतो निबंधावर, आणि निबंध घासूनपुसून घेणारे क्लासवालेही असतातच. त्यापेक्षा वाईट म्हणजे, आत आलेल्या मुलाची गणिताची तयारी कितपत आहे हे शाळेला सप्टेंबर उजाडेपर्यंत कळत नाही. परीक्षा ठेवून, तिच्या गुणांवर प्रत्येक शाळेची वेगळी यादी लावली असती तर दार तेवढंच उघडलं असतं आणि मदत कुणाला लागणार हे जूनमध्येच समजलं असतं.

सॅन फ्रान्सिस्कोने तर एक पाऊल पुढे जाऊन लॉवेल या आपल्या निवडक हायस्कूलमध्ये सोडतच काढली. २०२१च्या पहिल्या सत्रात नववीतल्या ज्या मुलांना किमान एका विषयात डी किंवा एफ (सगळ्यात खालचे ग्रेड) मिळाला त्यांचं प्रमाण आदल्या दोन वर्षांच्या ८ टक्क्यांच्या आतून २४ टक्क्यांवर गेलं. त्यात महामारीत घरी बसून केलेल्या शाळेचा वाटा मोठा आहे, सगळं खापर सोडतीवर फोडता येणार नाही. पण २०२२च्या फेब्रुवारीत शहराच्या मतदारांनी बोर्डाच्या तीन सदस्यांना मतदान करून पदावरून हटवलं, आणि त्याच वर्षी जुनी पद्धत परत आणायचा निर्णय झाला. विशेष अभ्यासक्रम तसाच ठेवून, तो पेलायची तयारी न बघता मुलं घेतली की त्याची किंमत मुलंच मोजतात.

शिकागो आणि बॉस्टन: अनेक याद्या, आणि त्यात होणाऱ्या चुका

शिकागोचा नमुना मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. २००९मध्ये वंशावर आधारलेला जुना न्यायालयीन करार संपला, तेव्हा शहराने जनगणनेसाठी पाडलेल्या प्रत्येक छोट्या वस्तीला चारांपैकी एका श्रेणीत टाकलं, पहिली सगळ्यात गरीब आणि चौथी सगळ्यात सुस्थितीतली. निकष सहा: घरांचं उत्पन्न, प्रौढांचं शिक्षण, एकल पालकांची घरं, मालकीची घरं, घरी बोलली जाणारी इंग्रजीखेरीज भाषा आणि परिसरातल्या शाळांची कामगिरी. समजा ४०० जागा आहेत. त्यातल्या ३० टक्के म्हणजे १२० जागा सगळ्या शहराच्या एकाच यादीने भरतात. उरलेल्या २८०चे चार सारखे भाग, श्रेणीमागे ७०, आणि प्रत्येक श्रेणीत तिची स्वतःची यादी. मोजपट्टी सगळ्यांना तीच: ९०० गुण, ४५० परीक्षेचे आणि ४५० सातवीच्या चार मुख्य विषयांच्या ग्रेडचे.

यात बिघाड कुठे होतो? पहिला ग्रेडमध्ये. चार विषयांना ४५० म्हणजे ए ग्रेडला ११२.५ आणि बी ग्रेडला ७५. एका विषयात एक बी आली की एका झटक्यात ३७.५ गुण गेले. नामांकित शाळांच्या वरच्या श्रेणीचा कटऑफ ९००ला इतका चिकटलेला असतो की सातवीतली एक बी म्हणजे दार बंद. ८९ गुणांचं मूल आणि ९० गुणांचं मूल यांच्यात एवढी दरी पाडणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. टक्केवारी सरळ वापरली तर सुटणारा प्रश्न आहे हा. दुसरा बिघाड पत्त्यात. श्रेणी ठरते गल्लीवरून, मुलाच्या घरावरून नाही. गरीब गल्लीत नवा टॉवर उभा राहतो, त्यात डॉक्टर राहायला येतात आणि त्यांचं मूल पहिल्या श्रेणीत मोजलं जातं. त्यात भाड्याच्या पत्त्यांचे प्रकार आलेच. तिसरी गोष्ट बिघाड नाही, पण बोर्डाला आधी सांगावी लागते: खुल्या ३० टक्के जागांवर वरच्या श्रेणीतल्या मुलांचाच भरणा जास्त होणार.

बॉस्टनने आणखी एक चूक करून दाखवली, ती तुमच्या बोर्डाने तरी टाळावी. तिथे शाळांतला वर्णभेद मोडणाऱ्या १९७४च्या गॅरिटी निकालानंतर ३५ टक्के जागा कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांसाठी होत्या. १९९०च्या दशकात कोर्टबाजीत तो प्रकार संपला. २०२१मध्ये शिकागोसारख्या श्रेण्या आणल्या, आठ. इथपर्यंत ठीक. पण त्यावर, जास्त गरीब मुलं असलेल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला १०० पैकी १० वाढीव गुणही दिले. झालं काय, वरच्या श्रेणीत बॉस्टन लॅटिनचा कटऑफ १००च्या पुढे गेला. ज्या शाळेला वाढीव गुण नाहीत तिथल्या मुलाने पैकीच्या पैकी मिळवले तरी प्रवेश अशक्य! वेगळी यादी लावणं हाच एक दिलासा असतो. त्याच यादीत पुन्हा गुण वाढवणं म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेणं. नंतर त्यांना ते बदलावंच लागलं.

प्रवेश मिळाल्यावर फायदा किती?

इथे दोन्ही बाजू गप्प बसतात. कटऑफच्या जरा वर आणि जरा खाली असलेली मुलं जवळजवळ सारखीच असतात. त्यामुळे पुढे त्यांचं काय झालं याची तुलना केली की शाळेचा स्वतःचा परिणाम कळतो. जोशुआ अँग्रिस्ट, पराग पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या शाळांवर हे केलं (अँग्रिस्टना पुढे २०२१चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं). पुढच्या परीक्षांतल्या गुणांवर या शाळांचा परिणाम फारसा सापडला नाही. शिकागोच्या अभ्यासात तर गरीब वस्तीतून आत गेलेल्या मुलांचे जीपीए खाली आले आणि निवडक कॉलेजात जायची शक्यता वाढण्याऐवजी कमी दिसली. कारण साधं आहे: आधीच्या शाळेत जे मूल पहिल्या पाचात असतं ते इथे मधल्या रांगेत जातं, आणि कॉलेज ग्रेड बघतं. मुलांनी शाळेतलं वातावरण मात्र चांगलं असल्याचं सांगितलं, सुरक्षित वाटतं, शिक्षकांवर विश्वास वाटतो.

हे निष्कर्ष कटऑफजवळच्या मुलांपुरतेच आहेत. यादीच्या शिखरावरच्या मुलाला, ज्याला आपल्या शाळेत बारावीपुढचं गणित शिकवायला कुणी नाही, त्याला काय फायदा होतो हे या पद्धतीने कळत नाही. पण काठावरच्या शंभर जागांसाठी जे रणकंदन चालतं ते जागेच्या किमतीच्या मानाने मोठं आहे, एवढं नक्की म्हणता येतं.

आणि नवोदय

नवोदय ही 'मोजपट्टी एक, याद्या अनेक' या तत्त्वाची देशव्यापी अंमलबजावणी आहे, आणि सुरुवातीच्या दोन विद्यालयांपैकी एक १९८५-८६मध्ये आपल्या अमरावतीला निघालं, दुसरं हरियाणातल्या झज्जरला. परीक्षा सहावीच्या प्रवेशासाठी: दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न ५० गुणांना, अंकगणित २० प्रश्न २५ गुणांना, भाषा २० प्रश्न २५ गुणांना. मराठीतून देता येते. विद्यालयामागे जास्तीत जास्त ८० जागा, आणि यादी जिल्ह्याची. गडचिरोलीच्या मुलीला पुण्याच्या मुलाशी झुंजावं लागत नाही. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, शिवाय अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी आरक्षण.

नियमांतले बारकावे बघा. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत काढलेली असावी लागतात. मधे एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत शिकलं तरी मूल शहरी धरतात. परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, त्यामुळे पुन्हा पुन्हा बसणाऱ्यांची रांग तयार होत नाही. आणि शाळा निवासी असल्यामुळे तयारीतली तफावत भरून काढायला रात्रीची अभ्यासिका हाताशी असते. पळवाटा इथेही आहेत. तालुक्याच्या गावात राहून शेजारच्या खेड्यातल्या शाळेच्या पटावर नाव ठेवणं हा त्यातला नेहमीचा. पण नियम तीन वर्षांचा असल्यामुळे ही लबाडी आदल्या महिन्यात सुचून भागत नाही, तिसरीतच करावी लागते.

अमेरिकेत हे का होत नाही? निवासी शाळांचा खर्च हे एक. मोठं कारण असं की तिथे शाळा चालवतं स्थानिक डिस्ट्रिक्ट. जिल्ह्याजिल्ह्याला कोटा ठरवणारी, नवोदय विद्यालय समितीसारखी केंद्रीय संस्थाच नाही, आणि मिलिकननंतर डिस्ट्रिक्टची सीमा ओलांडणं अवघड. ती ओलांडली गेली ती कनेक्टिकटमध्ये, राज्याच्या न्यायालयाने १९९६च्या शेफ खटल्यात भाग पाडल्यावर. हार्टफर्ड शहर आणि उपनगरं मिळून सोडतीच्या मॅग्नेट शाळा निघाल्या, बस राज्याच्या खर्चाने. डिस्ट्रिक्टच्या आत मात्र नवोदयची युक्ती वापरायला कुणी हात धरलेला नाही.

तुमच्या बोर्डापुढे काय मांडता येईल

परीक्षा राहू द्या, पण शाळेच्या वेळेत, शाळेत, फुकट आणि सगळ्यांची, नाव नोंदणीची भानगडच नको. गुणांत परीक्षा आणि ग्रेड निम्मे-निम्मे, ग्रेड टक्केवारीत. एक किमान पातळी ठरवा, आणि ती नववीचा गणिताचा अभ्यासक्रम पेलता यावा एवढीच असू द्या. जागांचा चौथा किंवा तिसरा हिस्सा सगळ्या डिस्ट्रिक्टच्या एका यादीने, बाकीचा प्रत्येक मिडल स्कूलच्या स्वतंत्र यादीने. गल्लीपेक्षा शाळेची यादी बरी, कारण पट्टी मुलाच्या खऱ्या सोबत्यांमध्ये लागते. ज्या शाळेच्या यादीत नाव हवं तिथे किमान दोन वर्षं शिकलेलं असावं. वाढीव गुण कुणालाच नकोत. एखाद्या शाळेत किमान पातळीवरची मुलं कमी पडली तर उरलेली जागा खुल्या यादीत जाईल हे आधीच लिहून ठेवा, नाही तर ऐनवेळी भांडणं. आत आलेल्यांपैकी ज्यांचे गुण खालच्या चौथ्या हिस्स्यात आहेत त्यांच्यासाठी उन्हाळ्यात चार ते सहा आठवडे गणित, आणि नववीत रोज एक जादा तास. याचे पैसे ठरावातच धरलेले असावेत. कागदावरचा उन्हाळी वर्ग पहिल्याच तुटीत उडतो.

एक अट मात्र या सगळ्याच्या आधीची. प्रत्येक मिडल स्कूलमध्ये आठवीला अल्जिब्रा १ आहे का? नसेल तर तिथल्या मुलांची यादी लावून उपयोग नाही. सॅन फ्रान्सिस्कोने समतेच्याच नावाखाली २०१४मध्ये आठवीतून अल्जिब्रा काढला. ज्यांना परवडलं त्यांनी तो बाहेर शिकवून घेतला आणि दरी होती त्याहून रुंद झाली. मार्च २०२४मध्ये मतदारांनी तो परत आणायच्या बाजूने मोठ्या बहुमताने कौल दिला.

बोर्डाच्या जाहीर सभेत सहसा माणशी दोन-तीन मिनिटं बोलायला मिळतात. ती गुणवत्ता आणि समतेवर भाषण करण्यात घालवू नका. एक तक्ता मागा, मागच्या तीन वर्षांचा, प्रत्येक मिडल स्कूलसाठी एक ओळ आणि पाच रकाने: आठवीचा पट, अल्जिब्रा झालेली मुलं, अर्ज केलेली, निवडलेली, आणि त्यातली दोन वर्षांनंतर शाळेत टिकलेली. नवा नियम याच तीन वर्षांच्या आकड्यांवर आधी चालवून त्याचा निकालही मागा. गळती पहिल्या दोन रकान्यांत असेल तर प्रवेशाच्या नियमावरचं भांडण पुढे ढकला आणि अल्जिब्राचे शिक्षक मागा. तिसऱ्यात असेल तर सरसकट परीक्षा. चौथ्यात असेल तरच यादीचा प्रश्न. आणि पाचव्यात असेल, तर उन्हाळी वर्गाचे पैसे कुठे गेले ते विचारा.